मामाचा आंबा, सीतेची वेणी आणि बाटलीत वाढलेली लाडावलेली पोरं

मामाचं गाव राधानगरीच्या पुढं, दाजीपूरच्या वाटेला. घराच्या परड्यात आज्जाच्या हातचा एक रायवळ आंबा आहे आणि त्याच्या खालच्या जाड फांदीवर सीतेची वेणी, म्हणजे एक रानटी ऑर्किड, बसलेली. वळवाचे दोन-चार पाऊस पडून गेले की मे अखेरीला त्यातनं वीत-दीड वीत लांबीचे घोस खाली लोंबायला लागतात, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके, अंबाड्यावर माळायच्या वेणीसारखे गच्च. तर तीन-चार वर्षांपूर्वी सुट्टीला गेलो आणि बघतो तर मामा शिडी लावून, हातात कोयता घेऊन निम्म्यात चढलेला. "मामा, काय करालायसा?" तर म्हणे, "ह्या बांडगुळानं आंबा खाल्ला माझा, दोन वर्सं मोहर धरंना, आज तोडूनच टाकतो."

मी बॉटनीवाला, ऑर्किडच्या लॅबमध्ये काम केलेला, आणि माझ्याच मामाच्या हातात कोयता. कसंबसं खाली उतरवलं आणि चहा होईस्तोवर जे समजावून सांगितलं तेच जरा पसरून इथं लिहितोय, कारण हे बांडगूळच न्हवं का, हाच प्रश्न मला पन्हाळ्यावर, गगनबावड्यात, अगदी आमच्या गल्लीतपण विचारलाय लोकांनी.

आधी बांडगुळाचं मिटवू. खरं बांडगूळ त्याच आंब्याच्या शेंड्याला होतं, जाडसर पानांचा झुपका, आंब्याच्याच फांदीचा असल्यासारखा दिसणारा. त्याचं चिकट फळ फुलटोच्यासारखे बारके पक्षी खातात, बी फांदीला पुसतात, आणि ते बी सालीतनं आत घुसून आंब्याचं पाणी नि क्षार ओढतं. सीतेची वेणी असलं काय करत नाही. तिची मुळं बोटासारखी जाड, पांढुरकी, सालीला नुसती चिकटलेली, आत शिरत नाहीत. त्या पांढऱ्या थराखाली हिरवं अंग असतं, थर स्पंजासारखा असतो, पाऊस पडला की घटाघटा पाणी पितो आणि मूळ हिरवं दिसायला लागतं, वाळलं की परत पांढरं. खाणं ती स्वतःच्या पानात स्वतः बनवते, आणि फांदीवर पाणी जपून वापरावं लागतं म्हणून पानाची छिद्रं दिवसा बंद ठेवून रात्री उघडते. म्हणजे भाडेकरू आहे, भाडं देत नाही एवढंच, पण घरमालकाच्या ताटात हात घालत नाही. मराठीत ह्या ऑर्किडच्या कुळाला आमरी म्हणतात आणि शास्त्रात ह्या वेणीचं नाव ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा. आसामात हिलाच कोपौ फूल म्हणतात, तिकडचं राज्यफूल आहे, बिहूच्या नाचात पोरी केसात माळतात. आणि आमच्याकडं कोयता.

मामाचा पुढचा प्रश्न मात्र भारी होता. म्हणाला, "मग एवढी दुर्मिळ हाय तर टिश्यू कल्चर करून टाका की, केळीवानी. जी-नाइनची रोपं आणतोय न्हवं आपण, उसाचं पण आलंय बेणं तसलं, हिचीपण लाखभर काढा आन् सोडा जंगलात."

बहुतेक सगळ्यांच्या डोक्यात हेच असतं, आणि ते निम्मं बरोबर आहे.

केळीचं काय करतात बघा. एक चांगलं, जोमदार, रोग नसलेलं झाड निवडायचं, त्याच्या कोंबाचा टोकाचा बारीक भाग काढायचा, बाटलीत पोषक जेलीवर ठेवायचा, त्यातनं कोंब फुटले की वेगळे करायचे, परत ठेवायचे, परत फुटवायचे. सगळी रोपं एकाच झाडाच्या झेरॉक्स. पुण्याजवळ मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाचं जे टिश्यू कल्चर होतं त्याचंपण मूळ तत्त्व हेच. शेतकऱ्याला तेच पाहिजे असतं, सगळा प्लॉट एकसारखा, एकदम तोडीला यावा. गंमत म्हणजे ही शेंड्याची कला बाजारात आली ती ऑर्किडवरनंच. फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० साली सिंबिडियम ह्या ऑर्किडचा अगदी टोकाचा, व्हायरस नसलेला भाग काढून त्यातनं नवीन रोपं केली आणि तिथनं पुढं ऑर्किडचा धंदाच पालटला. आज नर्सरीत जे फॅलेनॉप्सिसचं कुंडीतलं रोप मिळतं, लग्नाच्या स्टेजवर जी जांभळी डेंड्रोबियमची फुलं दिसतात, ती ह्याच वाटेनं स्वस्त झाली. पण ती संकरित, माणसानं बनवलेली. सह्याद्रीतल्या रानटी आमरीशी त्यांचं नातं म्हणजे ब्रॉयलरचं आणि रानकोंबड्याचं.

आणि रानटी जात वाचवायची असेल तर झेरॉक्स नकोच असतात. एकाच झाडाच्या हजार नकला जंगलात सोडल्या आणि एखादा रोग आला, किंवा सलग दोन उन्हाळे कडक गेले, तर जे एकाला मारेल ते हजारांना मारेल. म्हणून जंगली ऑर्किडचं 'टिश्यू कल्चर' म्हणतात ते बहुतेक वेळा खरं तर बाटलीत केलेली बीपेरणी असते. बी म्हटलं की दर रोप वेगळं आलं, कोण काटक, कोण नाजूक. आम्ही बोलताना सगळ्यालाच टिश्यू कल्चर म्हणतो, चालतंय.

मग मामा म्हणाला बी आहे तर वाफ्यात टाका, बाटली कशाला? इथनं खरी गोष्ट चालू होते.

ऑर्किडचं बी बघितलंय का कधी? बोंड तडकलं की आतनं फिकट पिवळी भुकटी उडते, पावडरच्या डब्याला टिचकी मारल्यावर उडते ना तशी. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया. एकेक बी मिलिमीटरपेक्षा लहान, वजन मायक्रोग्रॅममध्ये. का एवढं हलकं? कारण त्यात शिदोरीच नाही. ज्वारीच्या दाण्यात पिठूळ साठा असतो, शेंगदाण्याला दोन जाड दळं असतात, त्यावर कोंब पहिले दिवस काढतो. ऑर्किडच्या बियात जेमतेम काही पेशींचा एक गोळा आणि भोवती जाळीदार पातळ टरफल, संपलं. पोराला हातात एक रुपया न देता मुंबईला पाठवल्यासारखं. वाफ्यात टाकलं तर कुजून जाणार, पूर्वी युरोपातले माळी आईझाडाच्याच मुळाशी बी टाकायचे आणि कधीमधी चार रोपं यायची, पण का येतात ते कुणाला कळत नव्हतं.

ते कोडं नोएल बर्नार्ड ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९९ मध्ये सोडवायला घेतलं. जमिनीत पडलेल्या एका जंगली ऑर्किडच्या बोंडातल्या रुजलेल्या बिया त्याला सापडल्या आणि प्रत्येकीच्या आत बुरशीचे धागे होते. जंगलात सालीवर, पालापाचोळ्यात ठरावीक प्रकारची बुरशी असते, तिचा धागा बियात शिरतो, पेशीत गुंडाळ्या करून बसतो, आणि बी त्या गुंडाळ्या चक्क पचवून टाकतं. साखर, नायट्रोजन, सगळं बुरशीकडनं. बुरशीनं ते कुजणाऱ्या लाकडातनं आणलेलं असतं आणि ह्या बाळाला पाजते, बदल्यात त्या वयात तिला काय मिळतं हे शोधायला गेलं तर फारसं काही हाताला लागत नाही. म्हणजे मामाचं 'बांडगूळ' अगदीच चूक नव्हतं बघा. ऑर्किड लहानपणी बांडगूळच असतं, फक्त आंब्याचं नाही, बुरशीचं. हे मामाला सांगितल्यावर त्याला लई आनंद झाला, "बघ, मी म्हणालतो न्हवं" म्हणून मामीला हाक मारून सांगितलं.

आता लाखभर बियांतल्या कितींना वाऱ्यावर उडताना योग्य झाड, योग्य साल, योग्य ओल आणि वर योग्य बुरशी मिळणार? हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. झाडं जुनी नि जंगल दाट होतं तेव्हा हा जुगार परवडायचा, आज रस्ता रुंदीकरणात एक जुना जांभूळ पडला की त्याच्यासंगं त्याच्यावरचं सगळं गाव पडतं आणि नवीन झाडाच्या गुळगुळीत सालीवर काय धरत नाही.

बाटलीची युक्ती अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लुइस नडसन ह्यांची, १९२२ ची. त्यांचं म्हणणं साधं होतं. बुरशी शेवटी देते काय, तर साखर आणि थोडे क्षार. मग बुरशी बाजूला ठेवा आणि बाटलीत साखर द्या. त्यांनी साखर नि क्षार घातलेल्या अगरवर निर्जंतुक बी पेरलं आणि ते बुरशीशिवाय उगवलं. शंभर वर्षं झाली, आजपण आम्ही तेच करतो, मसाला थोडा बदललाय एवढंच.

मसाला म्हणजे काय ते सांगतो, कारण 'मीडियम' म्हटलं की लोकांना काहीतरी गूढ केमिकल वाटतं. एक लिटर शुद्ध पाण्यात ठरलेले क्षार, नायट्रेट, पोटॅश, कॅल्शियम, लोह वगैरे, थोडक्यात पातळ केलेलं खतपाणी. त्यात वीस-तीस ग्रॅम साखर, हीच ती चहाची. सात-आठ ग्रॅम अगर, म्हणजे समुद्री शेवाळापासनं केलेली, खाऊच्या जेलीसारखी घट्ट होणारी पावडर. शंभर-दीडशे मिली नारळपाणी, कारण त्यात पेशी वाढवणारी संप्रेरकं नैसर्गिकच असतात. काहीजण पिकलं केळं नाहीतर उकडलेला बटाटा कुस्करून घालतात, खरंच घालतात, पेपरमध्ये छापून आलेल्या रेसिपी आहेत. वर चिमूटभर कोळशाची बारीक पूड, कारण कापलेल्या झाडातनं जो काळा चीक-रस सुटतो तो कोळसा शोषून घेतो. आंबटपणा, म्हणजे पीएच, जातीप्रमाणं पाच ते पावणेसहाच्या मधे आणायचा. मग बाटल्या भरून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकर, दुसरं काही नाही, घरच्या कुकरमध्ये शिट्टीला जेवढा दाब होतो साधारण तेवढाच दाब, पंधरा पौंड. जगात कितीतरी हौशी लोक घरच्या कुकरवर हे करतात.

अडचण कुठं येते? जी साखर बियाला आवडते तीच बुरशीला, बॅक्टेरियाला, सगळ्या गावाला आवडते. बी उगवायला लागतात आठवडे, बुरशीला तीन दिवस पुरे. म्हणून सगळी कसरत स्वच्छतेची. आणि इथं एक छान शॉर्टकट आहे. बोंड तडकायच्या आधी, हिरवं असतानाच घ्यायचं. बंद बोंडाच्या आत बी मुळातच निर्जंतुक असतं, गर्भातल्या बाळासारखं. मग फक्त बोंडाचं अंग धुवायचं.

मामाच्या झाडाचं बोंड मी दिवाळीनंतर आणलं. करंगळीएवढं, कडा असलेलं, कच्च्या भेंडीच्या तुकड्यासारखं दिसणारं. नळाखाली साबणानं घासलं, मग ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवलं, मग लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेली हवा अंगावर सोडणाऱ्या काचेच्या कपाटात घेतलं, अल्कोहोलमध्ये बुडवलं आणि चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावरनं भर्रकन फिरवलं. निळी ज्योत बोंडावरनं पळते आणि विझते, असं दोन-तीनदा. मग ब्लेडनं उभं चिरायचं. आत पांढरट कापसासारखा लगदा, त्यात लाखो जीव. चिमट्याच्या टोकावर मावेल तेवढंच उचलून बाटलीतल्या जेलीवर झटकायचं, बाटलीचं तोंड ज्योतीवर फिरवून झाकण. बोलायचं नाही, खोकायचं नाही, बाटलीवरनं हात न्यायचा नाही. आमचे सर म्हणायचे देवाच्या गाभाऱ्यात असल्यासारखं वागा, आणि ते स्वतः त्याआधी मिसळ खाऊन आलेले असायचे ती गोष्ट वेगळी.

पहिल्या बॅचला माझीच चूक झाली. निम्म्यात असताना लाईट गेली. लॅमिनारचा पंखा बंद. नियम साधा आहे, थांबायचं, सगळं झाकायचं. मला वाटलं दहा बाटल्याच राहिल्यात, उरकून टाकू. चौथ्या दिवशी त्यातल्या एका बाटलीत पांढरा कापूस दिसला, आठवड्यात दहाच्या दहा हिरव्या-काळ्या. उघडून बघायची सोयपण नाही, तशाच कुकरात घालून मारायच्या आणि मग धुवायच्या. शिजलेल्या बुरशीचा तो वास नाकातनं दोन दिवस जात नाही. बरं लाईट जायच्या आधीच्या बाटल्या सगळ्या चांगल्या होत्या, म्हणजे कारण शोधायलापण जागा नाही.

चांगल्या बाटल्यांत मग काही आठवडे काहीच दिसत नाही. नंतर भुकटी जरा फुगल्यासारखी वाटते, मग पिवळ्याची पोपटी होते. भिंग लावलं तर बारके हिरवे गोळे, मोहरीपेक्षा लहान. ह्याला प्रोटोकॉर्म म्हणतात, धड बी नाही धड रोप नाही, ऑर्किडची ही अधली-मधली अवस्था आहे, मूळ नाही, पान नाही, नुसता गोळा आणि खाली लव. जंगलात ह्याच गोळ्याला बुरशी भरवते. काही महिन्यांत गोळ्याला टोक येतं, टोकाचं पान होतं, दुसरं पान, मग मूळ. बाटलीत दाटी झाली की परत लॅमिनारमध्ये बसून काढायचं आणि ताज्या जेलीवर विरळ लावायचं, रोपवाटिकेत वांग्या-मिरचीचं तरू लावतो तसं. बीपासनं बाटलीबाहेर काढण्याजोगं रोप व्हायला आमच्या वेणीला वर्षाच्या वर गेलं. धीर नसणाऱ्यानं ह्या नादाला लागू नये.

ह्यात एक भानगड राहून गेली ती आधीच सांगायला पाहिजे होती. बोंड कुठलं घेतलं? एकाच झाडाचं एकच बोंड घेतलं तर त्यातनं दहा हजार रोपं झाली तरी ती सगळी सख्खी भावंडं. झेरॉक्स नाही, पण भावकीच की, उद्या त्यांच्यात त्यांच्यातच परागीकरण होऊन पुढची पिढी. म्हणून शक्य तेवढ्या वेगवेगळ्या झाडांवरची बोंडं घ्यायची आणि जमलं तर परागीकरण आपण स्वतः करायचं. ऑर्किडचा पराग धुळीसारखा सुटा नसतो, पिवळ्या गोळ्यांची जोडी असते, खाली चिकट बूड. निसर्गात माशी-भुंगा फुलात डोकं घालतो आणि गोळी त्याला चिकटून जाते, पण बरीच फुलं तशीच कोमेजून जातात, भुंगा येतच नाही. आपण टूथपिकच्या टोकाला ती गोळी चिकटवून पलीकडच्या दुसऱ्या झाडावरच्या वेणीच्या फुलात नेऊन टेकवायची, झालं लग्न. घोसातल्या दोन-तीनच फुलांना करायचं, सगळी बोंडं धरली तर रोप थकतं. आणि बोंडंपण सगळी न्यायची नाहीत, एखाद-दुसरं झाडावरच तडकू द्यायचं, बुरशीला पण तिचं काम करू दे की.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि ह्याबद्दल लोक फार कमी बोलतात, कारण फोटो बाटलीतल्या हिरव्यागार रोपांचा छान येतो.

बाटलीतलं रोप लाडावलेलं असतं. साखर तयार मिळाली म्हणून पानाला काम करायची सवय नाही. आत हवा कायम दमट म्हणून पानावर मेणाचा थर धड झालेला नाही आणि छिद्रं बंद करायचीपण त्याला सवय नाही. त्याला थेट कोल्हापूरच्या मार्चमध्ये बाहेर काढलं तर दुपारपर्यंत पालक शिजवल्यासारखं होईल. म्हणून आधी मुळाला चिकटलेली जेली कोमट पाण्यात अलगद धुवायची, एक कण राहिला तरी त्यावर बुरशी येते, मग लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचा काथ्या, वर थोडं शेवाळ अशा मिश्रणात लावून प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. दर आठवड्याला झाकण थोडं जास्त उघडायचं. सावलीच्या जाळीत मग सहा महिने, वर्ष. गोगलगाई रात्री येऊन कोवळी मुळांची टोकं खातात, तो एक वेगळाच ताप. लॅबमध्ये शंभरातली नव्वद जगवणारा माणूस इथं येऊन नम्र होतो.

आणि त्यानंतर झाड. पावसाळ्याच्या तोंडावर, जून सुरू झाला की, रोप खडबडीत सालीवर, शेवाळ असलेल्या जागी, दोन फांद्यांच्या बेचक्याजवळ बसवायचं आणि काथ्याच्या दोरीनं बांधायचं. खिळा नको, तार नको. पहिला पावसाळा सगळी छान दिसतात. परीक्षा पुढच्या एप्रिल-मेला. आम्ही लावलेल्यातली निम्मीपण त्या उन्हाळ्यातनं निघाली नाहीत, काही वाळली, काही माकडांनी ओढून काढली, एकाच्या जागी मुंग्यांनी घर केलेलं.

इथं परत ती बुरशी आठवते. बाटलीत आपण तिला साखर देऊन कटवलं, पण झाडावरच्या रोपाला ती पुढं मदत करते, आणि मुख्य म्हणजे ह्या रोपाला उद्या बोंडं आली तर त्यातलं बी उगवायला त्या फांदीवर ती असावीच लागते. म्हणून काही ठिकाणी उलटी पद्धत वापरतात, जंगली रोपाच्या मुळातनं बुरशी वेगळी काढायची, ओटच्या पिठाच्या अगरवर वाढवायची आणि बी तिच्यासोबतच पेरायचं, साखर नाही. हे जास्त किचकट आहे, कारण कुठल्या जातीला कुठली बुरशी चालते हे आधी शोधावं लागतं. त्यासाठीची एक आयडिया मला फार आवडते, नायलॉनच्या बारीक जाळीच्या पाकिटात बी शिवून ती पाकिटं जंगलात पुरायची किंवा सालीला बांधायची, काही महिन्यांनी काढून बघायचं कुठल्या पाकिटातलं उगवलंय. जिथं उगवलं तिथं बुरशी आहे. १९९३ मध्ये रासमुसेन आणि व्हिगम ह्यांनी ही पाकिटाची पद्धत मांडली.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर, आंबा घाटाकडं कातळाच्या सड्यावर पावसात जी जमिनीतली आमरी दिसते, हबेनारियाच्या जाती वगैरे, त्यांचं तर आणखी अवघड. त्या पावसाळा संपला की जमिनीवरनं गायब होतात, खाली कंद झोपलेला. बियाचं टरफल चिवट, उगवायला महिनोन्महिने, आणि उगवलेलं बाटलीतच झोपी जातं, मग ते मेलं का झोपलंय ह्यावर लॅबमध्ये वाद. अमरकंदासारख्या जाती तर औषधासाठी कंदासकट उपटल्या जातात, म्हणजे तिथं रोपं करून उपयोग तेव्हाच जेव्हा उपटणं थांबेल.

मग हे सगळं करून कुठं यश आलंय का? आलंय. ब्रिटनमध्ये लेडीज स्लिपर नावाची आमरी १९१७ ला संपली म्हणून जाहीर केलेली, १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये एकच रोप सापडलं. ती जागा वर्षानुवर्षं गुप्त ठेवली, पहारा ठेवला, आणि पुढं लंडनच्या क्यू गार्डनच्या लॅबमध्ये बीपासनं रोपं करून परत लावली, त्यातल्या एकाला २००० साली फूल आलं. सिंगापूरनं नव्वदच्या दशकापासनं स्वतःच्या देशी ऑर्किडची बाटलीतली रोपं रस्त्याकडच्या झाडांवर बांधायला सुरुवात केली. हे वाचताना मला कोल्हापुरातला ताराराणी चौकाकडनं येणारा रस्ता दिसतो नेहमी, पण आपल्याकडं आधी झाडं राहू देत. आपल्या देशात केरळात पालोडच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये ईशान्येकडच्या निळ्या व्हँडा ह्या ऑर्किडवर असं काम झालंय, सिक्कीममध्ये पाक्योंगला १९९६ पासनं ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आणि राधानगरी अभयारण्य २०१२ पासनं युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, पश्चिम घाटाच्या एकोणचाळीस जागांतली एक, म्हणजे जागा राखीव आहे, झाडं जुनी आहेत, तिथलं काही परत आणायचीच गरज पडू नये हे सगळ्यात स्वस्त.

एक विनंती, हे वाचून जंगलातनं ऑर्किड काढून आणू नका. अभयारण्यातनं तर वाळकं पानपण परवानगीशिवाय आणायचं नसतं, आम्हालापण वनखात्याचं पत्र लागतं. बाल्कनीत लावलेली जंगली आमरी बहुतेक दोन उन्हाळ्यांत मरते. स्वतःच्या रानातली, परड्यातली फांदी वाऱ्यानं पडली आणि तिच्यावर आमरी असेल तर मात्र तो तुकडा तसाच उचलून शेजारच्या झाडाला काथ्यानं बांधा, पहिले आठ-पंधरा दिवस पाणी शिंपडा. ह्याला लॅब लागत नाही.

मामाच्या आंब्याचं सांगायचं राहिलं. शेंड्याचं खरं बांडगूळ त्यानंच चढून कापलं. मोहराचं कारण काही प्रमाणात ते आणि बरंचसं तुडतुडे होते, त्यावर फवारणी केली. गेल्या जूनला त्याच झाडावर, जुन्या वेणीपासनं दोन हात लांब, तीन रोपं बांधली, त्यातली दोन तिच्याच बोंडातली आणि एक पलीकडच्या वाडीतल्या फणसावरच्या वेणीची. उन्हाळ्यात एक गेलं. मामा रोज सकाळी दात घासत तिथं जाऊन उभा राहतो असं मामी सांगते, आणि पानं मोजतो. "फूल कवा येणार?" म्हणून विचारलं तर मी म्हणालो तीन-चार वर्षं तरी, त्यावर मला एक शिवी बसली.

परवा व्हॉट्सॲपवर फोटो आला. निम्म्या फोटोत त्याचा अंगठा. उरलेल्या निम्म्यात रोपाचं नवीन मूळ, हिरवं टोक, आणि ते टोक सालीच्या भेगेत वळून घट्ट चिकटलेलं. खाली लिहिलेलं, "आता काथ्या सोडू का."

मी कळवलं, एवढा पाऊस जाऊ दे.